सस्पेन्शनचे पार्ट : कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?



टायरवरचा भाग झाला, ब्रेकवरचा झाला. त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले त्यांत एक प्रश्न पुन:पुन्हा दिसतो. इंदूर, बडोदा, बंगळुरू, दिल्ली; गावं वेगळी, मजकूर एकच. "सर, जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. खालून आवाज येतो. शोरूमच्या वर्कशॉपने सस्पेन्शनचा जो आकडा सांगितला तो ऐकून घाम फुटला. बाहेरचे पार्ट निम्म्या पैशात मिळतात. घालू का?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडून पार्ट घेऊ नका. सस्पेन्शन म्हणजे एक पार्ट नव्हे. त्यात काही पार्ट चाकाला जागेवर धरून ठेवतात, काही रस्त्याचा मार झेलतात आणि काही निव्वळ हौसेचे असतात. या तिघांना एकच नियम लावला की एक तर पैसे वाया जातात, नाहीतर जीव धोक्यात येतो. आमच्या घरात एकदा दुसरी गोष्ट होता होता राहिली. तिथूनच सुरुवात करतो.

हैदराबादची बॉक्स्टर

माझा पुतण्या नोकरीनिमित्त हैदराबादला असतो. त्याने जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतली, २००५ ते २०१२ या काळातली, जिला जाणकार ९८७ पिढी म्हणतात. दोन सीट, उघडं छत, इंजिन सीटच्या मागे. वजन तेराशे-चौदाशे किलोच्या घरात. गाडी सुरेख होती, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर पुढून कट्-कट् असा आवाज येऊ लागला. एका गॅरेजमध्ये सांगितलं, पुढचे दोन्ही लोअर आर्म गेलेत. कंपनीचे आर्म महाग, शिवाय मागवून यायला वेळ लागेल. "साहेब, सेम टू सेम बाहेरचा आहे, उद्या लावून देतो." पांढऱ्या पेटीतले, कुठलंही नाव नसलेले आर्म लागले. आवाज बंद झाला आणि पुतण्या खूश झाला.

सात महिन्यांनी तो आउटर रिंग रोडवरून उतरत होता. ब्रेक लावला तशी गाडी एका बाजूला ओढली. मुलगा शहाणा, त्याने "बघू घरी गेल्यावर" असं म्हटलं नाही. गाडी कडेला घेतली आणि टो करून नेली. रॅम्पवर चढवून चाक वर आणि खाली दोन हातांनी धरून हलवलं, तर चाक डुगडुगत होतं. बॉल जॉइंटचा गोळा वाटीतून बाहेर यायच्या बेतात होता. तो सुटला असता तर चाक आत दुमडून मडगार्डखाली गेलं असतं. त्या दिवशी शेजारच्या सीटवर माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, बसलेली होती.

ही गोष्ट 'बाहेरचं सगळं वाईट' हे सिद्ध करण्यासाठी सांगत नाही. याच गाडीला पुढे आम्ही बाहेरचे शॉकअप घातले, आणि ते उत्तम चालले आहेत. शिवाय या गाडीत एकदा कंपनीचा अस्सल पार्टही लवकर गेला. तेही पुढे सांगतो.

'बाहेरचा' म्हणजे नक्की कुठला?

गॅरेजमध्ये दोनच शब्द चालतात : 'ओरिजिनल' आणि 'बाहेरचा'. घोळ इथेच सुरू होतो. खरं तर बाजारात पाच प्रकारचा माल असतो.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या पेटीतला. वर गाडीचं बोधचिन्ह आणि पार्ट नंबर.

दुसरा, त्याच कारखान्यातला पण वेगळ्या पेटीतला. गाडीची कंपनी सस्पेन्शनचा प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. जर्मन गाड्यांचं बघा. शॉकअप बिलस्टीन किंवा झाक्सचे असतात, आर्म आणि जॉइंट लेमफोर्डर किंवा टीआरडब्ल्यूसारख्या नावांचे. यातले झाक्स आणि लेमफोर्डर हे झेडएफ समूहाचे ब्रँड, आणि २०१५ मध्ये टीआरडब्ल्यूही झेडएफने घेतली. हे कारखाने गाडीच्या कंपनीलाही माल देतात आणि स्वतःच्या पेटीतही विकतात. अशा पार्टवर कधी कधी एका जागी धातू घासलेला दिसतो. तिथे गाडीचं बोधचिन्ह होतं, ते विक्रीसाठी काढून टाकलेलं असतं. ते बघून 'नकली' म्हणू नका.

तिसरा, दुसऱ्या नावाजलेल्या कारखान्याने मूळ मापावर बनवलेला बदली पार्ट. चांगलाही असतो, बेताचाही असतो.

चौथा, परफॉर्मन्स पार्ट. मूळ पार्टपेक्षा मुद्दाम वेगळा बनवलेला. जास्त कडक, कमी उंचीचा किंवा ॲडजस्ट करता येणारा.

पाचवा, नक्कल. एक तर बिननावाची, नाहीतर दुसऱ्याचं नाव लावलेली. ही दुसरी जास्त वाईट.

दुकानदार दोन ते पाच या चारही नंबरांना 'बाहेरचा' म्हणतो. दुसऱ्या नंबरचा पार्ट घेणं शहाणपणाचं असतं, पाचव्या नंबरचा घेणं आत्मघाताचं. म्हणून "बाहेरचा घालू का?" याआधी "बाहेरचा म्हणजे कुठल्या कारखान्याचा?" हा प्रश्न विचारा. समोरच्याला नाव सांगता आलं नाही तर तिथून निघा.

पहिला गट : चाक धरून ठेवणारे

लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि त्याचा एंड, मागच्या चाकांची दिशा ठरवणारे टो लिंक, आणि हे सगळं बांधून ठेवणारे नट-बोल्ट. यांपैकी एक सुटला तर स्टिअरिंग तुमच्या हातात असतं, पण चाक नसतं.

शॉकअप हळूहळू मरतो. गाडी उसळू लागते, तेल गळतं, तुम्हाला महिनोन्महिने इशारा मिळतो. बॉल जॉइंटही आवाज करतो, पण तो आवाज कानावर पडूनही आपण सोडून देतो. आणि तो शेवटी जातो तेव्हा एका क्षणात जातो. बहुतेक वेळा ब्रेक किंवा खड्ड्याच्या दणक्यात, म्हणजे नको त्या वेळी.

बॉक्स्टरचा हा लोअर आर्म ॲल्युमिनियमचा असतो. आकार शवपेटीसारखा, म्हणून जगभरचे मालक त्याला 'कॉफिन आर्म' म्हणतात. बॉल जॉइंट त्यातच बसवलेला. आता नक्कल करणारा काय करतो? मूळ आर्म घेतो, मापं काढतो आणि तसाच दिसणारा ओततो. माप बरोबर येतं, पार्ट जागेवर बसतो, फिटरही समाधानी होतो. पण धातूत काय मिसळलं, तो कसा घडवला, गोळ्याला किती झिलई दिली, ज्या वाटीत गोळा फिरतो तिचं प्लास्टिक कुठलं, आत ग्रीस कुठलं, वरच्या रबरी टोपीला उन्हाने किती दिवसांत भेगा पडतील, यांतलं काहीही मापाच्या पट्टीवर दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आणि बारीक वाळू एकत्र असते. टोपीला केसाएवढी भेग पडली की हे मिश्रण आत जातं आणि गोळ्याला पॉलिश पेपरसारखं घासतं. आमच्या त्या आर्मचं नेमकं हेच झालं होतं. टोपी फाटली होती आणि आतलं ग्रीस चिखल झालं होतं.

म्हणून या गटासाठी माझा नियम सरळ आहे. पहिल्या नंबरचा घ्या, किंवा दुसऱ्या नंबरचा. दोन्ही परवडत नसतील किंवा मिळत नसतील, तर गाडी उभी ठेवा. फौजेत असताना आम्ही शक्तिमान ट्रकचं तुटलेलं पान स्थानिक लोहाराकडून बनवून घेऊन गाडी तळावर आणलेली आहे. पण ती पायी चालण्याच्या वेगाने, रिकामी आणि वर 'तात्पुरतं' अशी चिठ्ठी लावून. तळावर पोहोचताच ते पान काढून फेकलं. तात्पुरता इलाज आणि कायमचा पार्ट यांतला फरक तिथे कोणी विसरत नसे. सिव्हिल गॅरेजमध्ये ती चिठ्ठी लावायची पद्धत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरा गट : मार झेलणारे

शॉकअप, स्प्रिंग, स्ट्रटच्या वरचं माउंट, बंप स्टॉप. इथे चित्र बदलतं. या गटात बाहेरचा पार्ट योग्य असू शकतो, कधी कधी मूळपेक्षाही बरा. पण तो जोडीने निवडावा लागतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. दोघांचं लग्न कारखान्यात जुळवलेलं असतं. समजा तुम्ही नुसत्या स्प्रिंग बदलल्या, मूळपेक्षा तीस टक्के कडक घातल्या. गाडीच्या उसळण्याचा वेग साधारण चौदा टक्क्यांनी वाढतो. शॉकअप तोच जुना. आता त्याची पकड गरजेच्या मानाने बारा टक्क्यांच्या आसपास कमी पडते. म्हणजे 'स्पोर्टी' करायला गेलात आणि गाडी जास्त उड्या मारू लागली. त्यात शॉकअप सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेला असेल तर बघायलाच नको.

आता शॉकअपमधले प्रकार. एका प्रकारात नळीच्या आत नळी असते, त्याला ट्विन-ट्यूब म्हणतात. हा मऊ आणि स्वस्त असतो, आणि दगड लागून बाहेरची नळी थोडी चेपली तरी बहुतेक वेळा आतलं काम चालू राहतं. दुसऱ्यात एकच नळी, तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकती चकती. हा मोनोट्यूब. यात तेलाला फेस कमी येतो, उष्णता थेट बाहेर जाते, त्यामुळे घाटात सलग पळवली तरी त्याची पकड टिकते. मात्र यात बाहेरची नळी हीच काम करणारी नळी असते. तिला पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो. स्ट्रटमध्ये तो बरेचदा उलटा, दुसऱ्या जाड नळीच्या आत बसवतात, तेव्हा हा धोका कमी होतो.

बिलस्टीनच्या नावांचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून तोही सोडवू. बी४ हा मूळच्या जागी मूळसारखाच. बी६ हा मोनोट्यूब, जास्त पकडीचा, पण मूळ स्प्रिंग आणि मूळ उंचीसाठी. बी८ लांबीला कमी, खाली बसणाऱ्या स्प्रिंगसाठी. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाखच्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, एकत्र. बी१४, बी१६ हे उंची बदलता येणारे कॉइलओव्हर. रोजच्या वापराच्या जुन्या गाडीसाठी आपल्या रस्त्यांवर मी बी४ किंवा बी६ याच्या पलीकडे जाणार नाही. पुतण्याच्या गाडीला मूळ स्प्रिंग ठेवून बी६ घातले. त्याची गाडी साध्या शॉकअपची होती.

तुमच्या गाडीत पीएएसएम असेल, म्हणजे बटणाने शॉकअप कडक-मऊ होणारी पोर्शेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, तर आधी ते तपासा. अशा गाडीत साधा शॉकअप घातला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो विझवण्यासाठी लोक वायरमध्ये खोटा रेझिस्टर जोडतात. दिवा विझतो; यंत्रणाही गेलेली असते आणि गाडी विकताना नवा मालक फसतो. या यंत्रणेशी जुळणारे शॉकअप बाहेरच्या कंपन्या बनवतात. घ्यायचे तर ते घ्या, नाहीतर मूळ घ्या.

गाडी खाली करू का?

हा प्रश्न तरुण मंडळींचा. दिसायला छान दिसते, मान्य. पण जरा हिशोब करू.

इंडियन रोड्स काँग्रेसने गोल स्पीडब्रेकरचं माप ठरवून दिलेलं आहे. गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. बॉक्स्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४ मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात, आणि चाकांच्या रेषेपेक्षा माथा फक्त सव्वाचार सेंटिमीटर वर येतो. समजा गाडीचं पोट रस्त्यापासून १० सेंटिमीटर वर आहे. तीन सेंटिमीटर खाली केलीत तरी सात उरतात, गाडी निघून जाते.

पण असा स्पीडब्रेकर शेवटचा कधी पाहिलात? आपल्या कॉलनीत रात्रीत उगवणारा असतो तो जेमतेम मीटरभर लांब आणि तेवढाच उंच. चाकं पलीकडे गेल्यावर त्याची सगळी उंची पोटाखाली येते. मूळ उंचीची गाडी तिथून तिरकी घालून, श्वास रोखून निघते. तीन सेंटिमीटर खाली केलेली गाडी बसते.

दुसरी गोष्ट, उंची कमी केली की चाकाला वर यायला जागाही कमी उरते. खड्ड्यात चाक लवकर बंप स्टॉपवर आपटतं, आणि तो दणका थेट माउंट, आर्म आणि बॉडीला जातो. तिसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. बॉक्स्टरला पुढे आणि मागे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. अशी गाडी खाली आणली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर झुकतं. त्यामुळे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं आणि कलण्याची ओढही वाढते. मग ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. म्हणजे थोडी खाली आणली तर फायदा होईलच असं नाही, आणि जास्त आणली तर तोटा नक्की.

तिसरा गट : हौसेचे

उंची बदलणारे कॉइलओव्हर, जाड अँटी-रोल बार, पॉलियुरेथेनचे बुश. हे वाईट नाहीत. तुम्ही ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर नेमाने गाडी चालवत असाल, तर तिथे त्यांचं काम आहे. ट्रॅकवर खड्डे नसतात, आणि कडक गाडी वेळ कमी करते.

रस्त्यावर मात्र त्यांची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. रबरी बुशमध्ये आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटलेली असते. आर्म हलला की रबर पिळलं जातं आणि परत येतं. शिवाय ते रस्त्याची थरथर गिळतं. पॉलियुरेथेन जास्त कडक. त्यात आर्म बुशवर घासत फिरतो, म्हणून त्याला वेळोवेळी ग्रीस लागतं, नाहीतर कुरकुरतो. जो आर्म एकाच दिशेत फिरतो तिथे ते चालतं. जिथे बुशला वाकडं-तिकडं वळावं लागतं तिथे ते अडकतं आणि ताण दुसरीकडे ढकलतं. कॉइलओव्हरच्या आट्यांचं तर मुंबई, गोवा, चेन्नईच्या खाऱ्या हवेत आणि पावसाच्या चिखलात दोन वर्षांत काय होतं ते ज्याने पान्ह्याने ते फिरवायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. जाम होतात. मग 'ॲडजस्टेबल' हा शब्द फक्त बिलावर उरतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात असा बदल करायला मनाई करतं, ज्यामुळे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांबाबत हीच कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. घासलेला आर्म काढून त्याच मापाचा चांगला आर्म घालणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंचीच बदलणं हा वेगळा विषय. करायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेक्षक गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला नवीन काही दिसू नये.

पार्ट खरा, काम खोटं

आता मघाशी राहिलेली गोष्ट. नकली आर्म काढून आम्ही कंपनीच्या पेटीतले आर्म घातले, एका मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्ये. वर्ष-सव्वा वर्षात पुन्हा खडखड. बघतो तर बॉल जॉइंट ठणठणीत, पण बुशचं रबर फाटलेलं. पुतण्या म्हणाला, "काका, मग बाहेरचे काय वाईट होते?"

दोष पार्टचा नव्हता. मघाशी सांगितलं तसं रबरी बुश पिळला जातो. गाडी रॅम्पवर उचललेली असते तेव्हा चाकं खाली लोंबतात, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला की रबर तिथेच पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही कायमचं पिळलेलं राहतं. पुढे प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. बरोबर पद्धत अशी : बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली जॅक देऊन तेवढ्याच उंचीला आणायची, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. हे एक काम चुकलं तर महागातला महाग पार्टही स्वस्तातल्यासारखाच जातो.

फिटरला तीन गोष्टी विचारा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळणार ना? सेल्फ-लॉकिंग नट नवे घालणार ना? काम झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करून आधीचा आणि नंतरचा कागद देणार ना? तिसऱ्याचं महत्त्व एका आकड्यात सांगतो. चाकाची दिशा पाव अंशाने जरी चुकली, तरी ते प्रत्येक किलोमीटरमागे चार मीटरहून थोडं जास्त आडवं घासत जातं. हजार किलोमीटरला चार किलोमीटर. महागडे टायर आतून कसे संपतात ते आता कळलं असेल.

नक्कल ओळखायची कशी

शंभर टक्के खात्री कोणीच देत नाही, पण बहुतेक नकली माल या चाळणीत अडकतो. जुना पार्ट काढल्यावर फेकू देऊ नका. नव्याशेजारी ठेवा आणि दोन्ही वजनकाट्यावर ठेवून बघा. फरक ठळक असेल तर धातू वेगळा आहे. पार्टवर कारखान्याचं चिन्ह आणि उत्पादनाचा बॅच किंवा तारीख ओतलेली किंवा कोरलेली हवी. नुसतं स्टिकर पुरत नाही. रबरी टोपी सारखी बसलेली आणि तिची कडी घट्ट असावी. ओताच्या कडा खरखरीत, रंग जाड फासलेला असेल तर शंका घ्या. काही कंपन्यांच्या पेटीवर तपासणीचा कोड असतो, तो फोनवर तपासा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि जीएसटी क्रमांक हवा. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणारा तुम्हाला सूट देत नाही, स्वतःची सुटका करून घेतो.

दिल्लीचं काश्मिरी गेट असो किंवा तुमच्या गावचा मोटार-पार्टचा बाजार, तिथे चांगलं दुकानही असतं आणि वाईटही. ओळख पार्टची पटवा, दुकानाची नको.

पैसे मोजकेच असतील तर

शेवटी खिशाचं बघू. सगळं एकदम करणं बहुतेकांना जमत नाही, मलाही जमलं नसतं. तेव्हा क्रम असा लावा. आधी चाक धरणारे पार्ट; आर्म, जॉइंट, टाय रॉड. यात एक रुपयाही वाचवायचा नाही, फार तर पहिल्या नंबरऐवजी त्याच कारखान्याचा दुसऱ्या नंबरचा घ्यायचा. बचत होते ती इथेच आणि ती निर्धोक असते. मग शॉकअप, कधीही एकटा नाही. पुढचे दोन किंवा मागचे दोन, आणि त्याच वेळी वरचं माउंट, बंप स्टॉप आणि धुळीची टोपी. ते जुनंच ठेवलं तर मजुरी दोनदा द्यावी लागते. मग अलाइनमेंट. इथे थांबा. दोन महिने गाडी चालवा. त्यानंतरही काही उणं वाटलं तरच हौसेच्या गटाकडे वळा. अनुभव असा की व्यवस्थित दुरुस्त केलेली मूळ गाडी चालवल्यावर निम्म्या लोकांची हौस तिथेच भागते.

एक गोष्ट आजच करा. गाडी सुरक्षित स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. खटका जाणवला तर गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

पुतण्याच्या बॉक्स्टरमध्ये आज लोअर आर्म मूळ कारखान्याचे आहेत, शॉकअप बाहेरचे आहेत, स्प्रिंग मूळ आहेत आणि उंची जशी होती तशी. माझी वहिनी पुन्हा त्या गाडीत बसायला लागली. मला एवढं प्रशस्तिपत्र पुरेसं आहे.

पुढच्या भागात अलाइनमेंटचा तो कागद कसा वाचायचा ते पाहू : कॅम्बर, कॅस्टर, टो, आणि लाल-हिरव्या आकड्यांच्या मागे काय असतं. तोवर गाडी जपून चालवा, आणि पार्ट विकत घेण्याआधी त्याचं गाव-नाव विचारा. जय हिंद.